पायगुणाच्या बुटांची जोडी

मी एक जुनी बुटांची जोडी आहे, पण बघणाऱ्याला ते पटत नाही. माझे कापड पांढरेशुभ्र आहे, नाड्या कोऱ्या आहेत आणि टाचेवरची निळी रेघ अजून लुगड्याच्या काठासारखी उठून दिसते. मित्रांनो, या रूपानेच घात केला. रूप नसते तर मी कधीच कचऱ्यात गेले असते आणि एका पोरीचा पाय वाचला असता.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने माझे कापड शिवले, दुसरीने तळवा चिकटवला, तिसरीने टाचेखाली मऊ, जाड गादी बसवली. ती गादी हीच माझी दौलत, बाकी सगळा नट्टापट्टा. उडी मारली की पायाला बसणारा दणका गादी आपल्या पोटात घेते. घरातली एखादी सून सगळ्यांचे बोलणे पोटात घालते ना, तशी. आणि तशीच ती आतल्या आत संपते. बाहेर कोणाला पत्ता नसतो.

मला घेतले एका घरच्या थोरल्या लेकीने. तिला अग्निशमन दलात भरती व्हायचे होते. पोरगी हुशार. दुकानात संध्याकाळी आली, कारण दिवसभराच्या वावराने पाय जरा फुगलेले असतात. उभी राहून, अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे ना ते बघून मगच तिने मला पसंत केले. मग आम्ही जिमला जाऊ लागलो. दोरीच्या उड्या, लाकडी खोक्यावरच्या उड्या, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन जिना. तिचे सगळे दणके मी झेलले. तिचा भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर पडायचा, म्हणून माझी टाचही त्याच कडेला झिजली. झिजले त्याचे दुःख नाही. कामाला आलेल्याने झिजावेच.

ती भरती झाली, आणि तिच्या आईने घरभर डांगोरा पिटला, "बुटांचा पायगुण हो! घरात आले आणि पोरीचं सोनं झालं."

एवढे कौतुक कोणाचे होऊ नये. मला फडताळाच्या वरच्या कप्प्यात जागा मिळाली. दर रविवारी आई मला ब्रशने घासायची, नाड्या वेगळ्या धुवायची, सावलीत वाळवायची. त्या माउलीच्या हाताला नावे ठेवायला जागा नाही. पण तिचा ब्रश वरून फिरायचा. आत गादी चपटी होऊन दगड झाली होती, तिकडे कोण बघतो? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा पीळ केव्हाच गेला होता, सुंभ तेवढा लखलखत होता.

मग धाकटीची पाळी आली. तिलाही तीच भरती, तीच जिम, आणि अर्थात तेच बूट. तिचे पाऊल थोरलीपेक्षा रुंद.

"आई, बोटं आवळतात गं."

"आवळू देत. सैल बूट आणि सैल तोंड, दोन्ही वाईट."

पहिल्याच उडीला मला कळले, दणका माझ्यात थांबत नाही. तो थेट पोरीच्या टाचेत जातो. मी काय करणार? बुटाला जीभ असते म्हणतात, पण ती बोलायची नव्हे. मी करकरले. धाकटीने वरून पावडर टाकली.

काही आठवड्यांत सकाळी खाटेवरून उतरताना पहिले पाऊल टाकले की तिच्या तोंडून "आई गं" निघू लागले. चार पावले चालली की कमी व्हायचे, म्हणून तिला वाटायचे, बरे झाले. मित्रांनो, ही खूण ओळखा. ती टाचेची हाक असते. तिने ट्रेनरला सांगून पाहिले. तो आरशात स्वतःचे दंड बघत म्हणाला, "दुखतंय? म्हणजे लागतंय बरोबर. दुखल्याशिवाय अंग बनतं का कधी?"

घरी तिने सांगितले नाही. भरतीची चाचणी जवळ आली होती आणि पुढची भरती कधी निघेल कोणास ठाऊक. पण आईचे डोळे घारीचे.

"चवड्यांवर काय चालतेस चोरासारखी? कुणाचं घर फोडायचंय?"

"काही नाही गं."

"काही नाही म्हणते आणि तोंड तर एरंडेल प्यायल्यासारखं! उद्या डॉक्टरकडे चल."

मला वाटले, सुटले. डॉक्टर मला हातात घेईल, उलटी करून बघेल, आणि या पोरीची सुटका होईल. पण सकाळी आईने मला बादलीत बुडवले.

"आई, हेच घालून जायचं होतं मला!"

"मळके बूट डॉक्टरांपुढे नेणार? म्हणतील, हिच्या घरात पाणी येत नाही वाटतं."

मी दोरीवर नाड्यांनी लटकत ठिबकत राहिले. मायलेकी चपला घालून फाटकाबाहेर पडल्या. वरून बघण्यापलीकडे माझ्या हातात काय होते?

परतल्या तेव्हा धाकटीचे डोळे लाल होते. टाचेजवळची शीर सुजली होती. उड्या बंद. चाचणी या खेपेला नाही. रोज भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, आणि बर्फ झालेल्या पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. धाकटी म्हणाली, "आणि डॉक्टर म्हणाले, बूट कुठं आहेत? मला बूट बघायचे होते."

तिने मला दोरीवरून काढले. हात आत घालून अंगठ्याने गादी दाबली, मग मला जेवणाच्या टेबलावर ठेवून मागून पाहिले. मी दारुड्यासारखी एका कडेला कललेली.

"आई, हे बघ."

"टेबलावर बूट! आधी खाली ठेव."

"अगं, यात जीवच उरला नाहीये."

आईने मला उचलले. तिचा अंगठा आत गेला, दबला, थांबला. मित्रांनो, तिला कळले. शपथेवर सांगते, तिला कळले. मग तिने अंगठा पदराला पुसला.

"तुझी ताई याच बुटांत भरती झाली. तुझेच पाय नाजूक."

चाचणीच्या दिवशी सकाळी धाकटी खुर्चीत बसून बाटली पायाखाली फिरवत होती. आई स्वयंपाकघरात भांडी उगाच आपटत होती.

परवा मावशी आली. तिच्या पोरीलाही भरतीला बसायचे आहे.

"ताई, ते पायगुणाचे बूट दे ना," ती आईला म्हणाली.

"मावशी, नको गं ते! आत हात घालून बघ आधी," धाकटी खुर्चीतून ओरडली.

"इश्श, चकचकीत तर आहेत! तुला नाही लाभले, म्हणून दुसरीलाही लाभू नयेत?"

मावशीने आईकडे पाहिले. आईने तोंड उघडले आणि मिटले. मग ती म्हणाली, "नाड्या मी कालच धुतल्यात." आणि पिशवी उघडून धरली.

मित्रांनो, बुटात पाय घालण्याआधी हात घाला. वरची झळाळी बघू नका, आतली गादी दाबा. बूट संपला की त्याला कौतुकाने सांभाळू नका, सुखाने जाऊ द्या. आणि पाय दुखतो म्हणणाऱ्याला नाजूक म्हणू नका.

आता मी दुसऱ्या घरात आहे. एक पोरगी उंबऱ्यावर बसून माझ्या नाड्या सैल करते आहे. खूश आहे बिचारी. उजवा पाय आधी घालते आहे, शुभ म्हणून. तिची टाच आत येते आहे. तुम्हाला तोंड आहे. कोणीतरी सांगा तिला.