कुजबुजत्या घरातली आधारपेशी

मित्रांनो, मी एक जुनी आधारपेशी आहे. एका बाईच्या मेंदूत, कानाकडून येणाऱ्या वाटेवर, मी अडकून बसले आहे. अडकून म्हणजे खरोखरच अडकून. इथे ना खिडकी, ना दार, ना कूस बदलायला जागा. मेंदूचा विषय निघाला की सगळे विचार करणाऱ्या पेशींचे गोडवे गातात. त्यांच्या तारांवर आम्ही स्निग्ध आवरण गुंडाळतो, म्हणून निरोप झपाझप पळतात. पण आमची आठवण कोणाला? असो, रडगाणं पुरे.

लहानपणी मला सरकता येत होतं. ही बाई तेव्हा तान्ही होती. अंधारात चाचपडत मी इथवर आले. तुम्हाला वाटत असेल, बाळ जन्मलं म्हणजे मेंदू तयारच. छे! आमचं काम जन्मानंतरच जोरात सुरू होतं आणि वर्षानुवर्षं चालतं. मात्र एकदा जागा धरली की पुन्हा हलणं नाही. मी हात पसरून आजूबाजूच्या उघड्या तारा धरल्या आणि निरोपांची वाट पाहू लागले. तारेत वर्दळ असली की आमच्या हातांना जोर येतो. ज्यांना तार गवसत नाही, त्या पेशी मरून जातात. माझ्या शेजारच्या दोघी तशाच गेल्या.

माझ्या तारा जवळजवळ गप्पच होत्या. असं का, ते मला पुढे कळलं, कारण मुलीची आत्या ती हकीकत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायची.

मुलीचे वडील बेकरीत रात्रपाळीला भट्टी सांभाळत आणि दिवसा झोपत. घर दोन खोल्यांचं, मधे पातळ फळ्या. त्यामुळे सगळ्या घराला कुजबुजायची सवय जडली होती. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे घातलेले, दारावरची घंटा काढून ठेवलेली. चहा हवा का, हे विचारायला आई नुसता कप उचलून दाखवी. बाळ रडलं की लगेच छातीशी. जागं असलं तरी त्याच्याशी हसणं आणि खुणा, बोलणं नाही. ‘किती गुणी पोर!’ हे कौतुकसुद्धा कुजबुजतच व्हायचं. माया उदंड होती, पण माझ्यापर्यंत तिचा आवाज पोचत नव्हता.

माझा जीव कासावीस व्हायचा. ओरडावं तर तोंड नाही, पळावं तर पाय नाहीत. आपणही आता जाणार आणि या तारा उघड्याच राहणार, या भीतीने मी अर्धमेली झाले होते.

एकदा आत्या राहायला आली. तिने बाळाला मागून हाक मारली. बाळ वळलं नाही. तिने पुन्हा हाक मारली, तरी नाही.

“ताई, हळू ना. ते झोपलेत,” आई म्हणाली.

“झोपेना का! पोरीला ऐकू येतंय का, ते बघ आधी!”

आईने जाऊन वडिलांना उठवलं. तिघं बाळाला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरबाईंनी तपासलं. “कान ठणठणीत आहेत. घरी हिच्याशी बोलता ना?”

आईने सवयीप्रमाणे नुसती मान हलवली. नाही.

“अहो, मग बोला की!”

घरी आल्यावर वडिलांनी आधी घंटा लावली. मग बाळाला मांडीवर घेतलं. “माझ्या झोपेपायी तुझ्याशी कुणी बोललंच नाही गं, सोन्या,” म्हणाले. मग भट्टीबद्दल बोलले, पीठ फुगतं कसं ते सांगितलं, मालकाची नक्कल केली. आई भांडी घासताना बोलू लागली. आत्याला तर थांबवावं लागे.

आणि माझ्या तारा थरथरल्या! मी आवरणाचा एक वेढा घातला, त्यावर दुसरा, मग आणखी. दिवसामागून दिवस निरोप वेगाने पळू लागले. एका सकाळी आईने स्वयंपाकघरातून हाक मारली आणि बाळाने मान वळवली. आईच्या हातातलं पातेलं दणकन खाली पडलं. वडील दचकून जागे झाले आणि त्या आवाजाकडेही बाळ वळलेलं पाहून तिथेच रडायला लागले. पुढे कित्येक वर्षं ते कानात कापूस घालून झोपले.

मित्रांनो, मी इथून कधीच सुटणार नाही. कधी कधी फार कोंडल्यासारखं होतं. पण तुमच्या घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्याजवळ बसा आणि बोला. उत्तर आलं नाही म्हणून थांबू नका. आम्ही आत हात पसरून बसलेल्या असतो आणि आम्हाला आतून हाक मारता येत नाही.