दर बाजाराला एक झाड

"माणूस हा प्राणी मुळात धावण्यासाठीच जन्माला आलेला आहे!" असं सुकलाल पाटलाने १९५७ सालच्या दिवाळीनंतर भर रस्त्यात जाहीर केलं, तेव्हा तो बैलगाडीत बसलेला होता. बसलेला म्हणजे गादीवर, लोडाला टेकून.

गाडीवान धुडकूने मागे वळून पाहिलं.

"मंग उतर ना, पाटील. चढ शे. बैल थकी गयात."

सुकलाल उतरला नाही. मोठे विचार मांडणाऱ्याने ते लगेच आचरणात आणले तर ते मोठे कसले?

सुकलाल हा प्रकाशाच्या एका गुजर शेतकऱ्याचा चौथा मुलगा. घरी केळी होती, कापूस होता, म्हशी होत्या आणि त्या म्हशींचं बरंचसं दूधतूप तिशीतल्या सुकलालच्या पोटावर शिल्लक होतं. आता तो टपालखात्यात हरकारा म्हणून लागला होता. डोंगरात जिथे चाक जात नाही तिथे टपालाची थैली पाठीवर घेऊन पळणारा तो हरकारा. जागेची अट होती, सातवी पास आणि निरोगी. सुकलाल सातवी पास होता. निरोगीपणाबद्दल त्याने स्वतःच खात्री दिली.

गाडीत त्याच्या मागे, दोन पातेली आणि एक तवा मांडीशी घेऊन सरलाबाई बसली होती. आठ वर्षं तिने सासू आणि तीन जावांच्या स्वयंपाकघरात परातभर पीठ मळलं होतं. मीठ किती, मिरची किती, हे ठरवायला नेहमी दुसरंच कुणी असे. उंबरबारी या डोंगराच्या पायथ्याच्या गावात दोन खोल्यांचं घर मिळालं आणि पहिल्याच दिवशी तिने स्वतःच्या चुलीवर वांग्याचं भरीत केलं. मिरच्या मनाला येतील तेवढ्या घातल्या. सुकलालच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिच्याही आलं, पण ते मिरचीचं नव्हतं.

"हाई चूल आते इझाले नको," ती म्हणाली. "इतलंच सांगस."

चूल पेटती राहायची तर नोकरी कायम व्हायला हवी होती. पोस्टमास्तरांनी टेबलावर दौत ठेवावी तशी अट समोर ठेवली. रेवजी हा म्हातारा हरकारा होळीला निवृत्त होणार. होळीनंतरच्या पहिल्या बाजारी सुकलालने एकट्याने थैली घेऊन सकाळी सहाला निघायचं आणि पंधरा मैलांवरच्या मोलगीच्या आठवडी बाजारात दहाच्या आत पोचायचं. पाड्यापाड्यांतून आलेली माणसं दुपारी परत फिरतात. त्यांच्या हातून पत्रं पुढे जायची तर दहाच्या आतच.

"पोचलात तर कायम," पोस्टमास्तर म्हणाले, "नाहीतर प्रकाशाला केळी आहेतच." मग त्यांनी सुकलालला खालून वर पाहिलं आणि पुढे जोडलं, "आणि पाटील, थैली पाठीवर घ्यायची असते. तुम्ही ती आधीच पुढे बांधलेली दिसते."

हे वाक्य सुकलालला लागलं. त्याचा पुढे फार उपयोग झाला.

पहिल्या बाजारी तो रेवजीबरोबर निघाला आणि पोळ्याचा बैल सुटावा तसा सुटला. पहिल्या आंब्यापर्यंत, म्हणजे मैलभर, तो रेवजीच्या पुढे होता. मग त्या आंब्याखाली बसून त्याने भर सकाळी चांदण्या पाहिल्या. साठीला टेकलेला, काटकुळा रेवजी घुंगरांची काठी वाजवत निघाला होता त्याच चालीने आला आणि न थांबता म्हणाला, "मोलगी पयीसन कोठे जास नही, पाटील. तठेच शे." आणि वळणाआड गेला.

दुसऱ्या दिवशी रेवजी मोलगीहून परतला तसा सुकलाल त्याच्या झोपडीत जाऊन बसला. मान खाली, पण पोट आड येत असल्याने फार खाली नाही.

"रेवजीबाबा, शिकव."

रेवजीने भाकरीचा तुकडा मोडला. "पयता पयता गानं म्हन. गानं तुटनं का चाल. दम उना का परत पय."

"पळता पळता कोणतं गाणं?"

"ज्यावर राग शे त्यानं. राग शे तर शब्द कमी पडतस नही."

सुकलालला विषय शोधायला जावं लागलं नाही. पोस्टमास्तर चष्मा नाकावर ठेवून चष्मा शोधत असत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पहिलं कडवं वाटेतच तयार झालं:

*साहेबना चष्मा साहेबना नाकवर,*
*साहेब धुंडस घरभर वो!*

आणि आश्चर्य असं की हे कडवं न तुटता म्हणायचं म्हटलं की पाय आपोआप हळू पडत. इतके हळू, की एक शेळी त्याला मागे टाकून गेली. सुकलालला लाज वाटली. रेवजी म्हणाला, "शेळीले मोलगी जावानं नही. तुले शे."

मोलगीच्या वाटेवर रेवजीने तीस वर्षांत झाडं नेमलेली होती. आंबा, मोह, दुसरा मोह, साग, वाकडी सालई, अशी साधारण मैलामैलावर एक. त्याचा कायदा एवढाच: दर बाजाराला एक झाड पुढे. तिथून निवांत चालत परत. चौथ्या बाजाराला मात्र दोन झाडं मागे, आणि पाचव्याला पुन्हा सोडलं होतं तिथून पुढे. हे मागे जाणं सुकलालला पटेना. चढावर पळायचं नाही, चालायचं, हेही पटेना. सरकार काय चालण्याचे पैसे देतं? पण पहाटे अर्धी भाकर नि गूळ खाऊन निघायचं, हे ताबडतोब पटलं.

झाडागणिक गाणंही वाढत गेलं. दुसऱ्या मोहापाशी दुसरं कडवं आलं:

*शिक्का मारस पत्रवर,*
*शाई उडस धोतरवर वो!*

पाचव्या झाडापर्यंत सगळं सुरळीत झालं आणि नेमक्या अशाच वेळी माणसाला अक्कल सुचते. सुकलालने विचार केला, रेवजी म्हणतो दर बाजाराला एक झाड. बाजार काय मोलगीलाच भरतो? मंगळवारी अलीकडच्या एका गावचा असतो, रविवारी पलीकडच्या. रेवजीने कोणता बाजार हे काही सांगितलेलं नाही. तेव्हा तिन्ही बाजार धरले तर एका आठवड्यात तीन झाडं, आणि होळी काय, संक्रांतीलाच मोलगी!

काळावर मात करण्याचा हा शोध त्याने गुप्त ठेवला. दोन आठवड्यांत सहा बाजार झाले, अकरावं झाड आलं. बाजार संपले तसे पायही संपले. एका सकाळी तो अंथरुणातून उठला तो नडगी धरून परत बसला. सरलाबाईने चुलीत फुंकर घालता घालता पाहिलं आणि फुंकणी खाली ठेवली.

"काय व्हयनं?"

"काही नाही. थोडी कळ."

रेवजीला बोलावणं गेलं. त्याने आंगठ्याने नडगी दाबली. सुकलालने पोस्टमास्तरांवरचं नसलेलं एक कडवं उच्चारलं.

"कितला बाजार कयात?"

"तीन," सुकलाल छताकडे पाहत म्हणाला. "आठवड्याला."

रेवजी हसला नाही. "पाटील, केळीले एक दिनमा तीन येळ पानी दिधं तर तीन घड येतस का?"

"नाही. कुजते."

"मंग तुन्हा पाय केळपेक्षा शहाणा शे का?"

पिढ्यान्‌पिढ्या केळी लावणाऱ्या घरातल्या माणसाने नडगी पांघरुणाखाली घेतली. तीन बाजार तो घरीच राहिला. सरलाबाई एरंडाचं पान चुलीवर शेकून नडगीवर बांधी आणि एक शब्दही बोलत नसे. एवढी शांतता त्याने आठ वर्षांत ऐकली नव्हती. एकदाच, पान बांधताना, ती म्हणाली, "प्रकाशाले मन्ही परात कोन्ही घासीसन ठेयेल व्हयी." परातीचं एवढं वाईट कुणाला कधी वाटलं नसेल. सुकलालने त्या दिवशी रेवजीचा कायदा मनोमन मान्य केला, चौथ्या बाजारासकट.

पाय बरा झाल्यावर रेवजीने त्याला सोडलं ते दोन झाडं मागे, नवव्यापर्यंतच. सुकलाल तिथूनच परत वळला. एका बाजारी एक झाड. चढ आला की चाल, ओढा दिसला की तहान नसली तरी पाणी. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आडवं पडणं, आणि हे सगळ्यात मन लावून. गाण्याला तिसरं कडवं जोडलं गेलं ते दहाव्या झाडापाशी, एका खास प्रेरणेच्या क्षणी:

*हपीसमा साहेब वाघ शे,*
*घर जाताच गाय शे वो!*

होळी आली तेव्हा पोट एक वीत आत गेलं होतं, गाणं तीन कडव्यांचं झालं होतं आणि सुकलाल तेराव्या झाडापर्यंत पोचला होता. पंधरा मैल तो एकदाही पळाला नव्हता.

"दोन राहिली," तो म्हणाला.

"दोन झाडं बाजार ओढी लेस," रेवजी म्हणाला आणि तीस वर्षांची घुंगरांची काठी त्याच्या हातात दिली. "फक्त पहिल्या झाडले घाई करू नको."

पोस्टमास्तर आदल्या दिवशीच जीपने जमेल तिथवर आणि पुढे पायी मोलगीला गेले होते, खिशात घड्याळ घेऊन.

सहाला सुकलाल निघाला. दारात सरलाबाई उभी होती, मागे चुलीचा धूर. तिने गुळाचा खडा तेवढा हातावर ठेवला.

पहिल्या आंब्यापाशी पाय सुटायला बघत होते. त्याने त्यांना कडव्यात बांधलं. साग गेला, सालई गेली. नवव्या झाडाच्या चढावर गाणं तुटलं, तो चालला. खिंडीत पोचला तेव्हा ऊन डोक्यावर चढल्यासारखं वाटलं. नऊ वाजले की साडेनऊ? की दहा वाजूनही गेले? आता जीव खाऊन पळावं! पाय तयार होते. पण त्याला ती परात आठवली. त्याने श्वास घेतला आणि पहिल्यापासून गाणं धरलं, मोठ्याने, कारण मोठ्याने म्हटलं की तुटलेलं लगेच कळतं.

तेरावं झाड गेलं. चौदावं नवं होतं, पण झाडच होतं. उतारावरून खाली मोलगीचा बाजार दिसला आणि रेवजीचं म्हणणं खरं निघालं. खालच्या गलक्याने त्याला दोरी लावल्यासारखं ओढलं. घुंगरं वाजत होती, गाणं तिन्ही कडव्यांसकट टेकडीवरून खाली उतरत होतं, आणि मिरच्यांचे, मिठाचे ढीग मांडून बसलेल्या बायका "वो!" वर ठेका धरत होत्या.

सुकलालने थैली पोस्टमास्तरांच्या पुढ्यात ठेवली. तो घामाने निथळत होता, पण धापा टाकत नव्हता. मात्र आपण काय गात आलो हे त्याला आत्ता आठवलं आणि त्याने घुंगरांची काठी पाठीमागे लपवली.

पोस्टमास्तरांनी घड्याळ काढलं आणि खिसे चाचपायला सुरुवात केली. "चष्मा... माझा चष्मा कुठे गेला?"

"नाकवर!" सगळा बाजार म्हणाला.

पोस्टमास्तरांनी नाकावरचा चष्मा नीट केला. घड्याळ पाहिलं. दहाला वीस कमी. त्यांनी कागद काढला, 'कायम' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. शाई धोतरावर उडाली. कुणी हसलं नाही, म्हणजे तोंडाने हसलं नाही.

मग त्यांनी सुकलालला चिंचेखाली बाजूला नेलं. सुकलालच्या डोळ्यांपुढे चूल, परात, तीन जावा, सगळं एका रांगेत उभं राहिलं.

"पाटील," पोस्टमास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "नोकरी पक्की. गाण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही; पाय त्याच्यावरच चालतात असं रेवजी सांगतो. एकच विनंती आहे. दर बाजारी पहाटे तुम्ही आमच्या दारावरून जाता. आमच्या मंडळींना ते वाघ-गायीचं कडवं पाठ झालंय. परवा भाजीत मीठ कमी आहे म्हणालो, तर तेच म्हणून दाखवलं." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "तेव्हा तेवढं आमच्या घरावरून जाताना... जरा धापा टाकत जा."