शेळ्यांच्या खोलीतलं जहाज

“आता सांगा,” ताहेरानं अंधारातून विचारलं. “कोन आलं?”

“मच्छीमार. जाळं वढत चाललाय. वर हिरवा, खाली पांढरा.”

“बराबर.”

भर दुपार होती. खिडकीला पोती मारून इलियासनं शेळ्यांच्या खोलीत रात्र केली होती, आणि त्याची बायको मांडववाल्या आसिफभावजींचे रंगीत बल्ब फळीवर एकेक करून पेटवत होती. माण तालुक्यात समुद्र सोडा, ओढ्यालाही पाणी नव्हतं. तिन्ही शेळ्या या प्रकाराकडे संशयानं बघत होत्या.

इलियास बारा वर्षं मालवाहू जहाजावर खलाशी होता. रात्री जहाजाच्या पुढच्या टोकाला उभं राहायचं, येणाऱ्या जहाजांचे दिवे ओळखायचे, साहेबाला सांगायचं. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा; जो दिसेल त्यावरून ते कुठं निघालंय ते कळतं. उजवीकडच्या जहाजाचा लाल दिसला, तर ते आपल्यासमोरून आडवं जाणार; आपण वाट सोडायची. ताहेराला हे आता झोपेतही येत होतं. इलियासला मात्र लाल आणि हिरवा यांतला फरक दिसतच नव्हता. जन्मापासून. आणि हे जगात फक्त त्यालाच ठाऊक होतं.

आजवर डोळ्यांच्या तपासणीला रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायचं पुस्तक असे. ते त्यानं पाढ्यांसारखं पाठ केलं होतं. एकदा तर तो डॉक्टरनं पान उलटायच्या आधीच आकडा सांगून मोकळा झाला होता. पण आता कंपनीचं पत्र आलं होतं. पुस्तक बंद. अंधाऱ्या खोलीत दिवे दाखवणार, क्रम दर खेपेला वेगळा. शुक्रवारी, मुंबईत. नापास झाला की खलाशीपण संपलं.

सराव मात्र फक्कड चालला होता, कारण लाल बल्ब मंद होता आणि हिरवा ठळक. जगातले सगळे लाल दिवे मंदच असणार, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

मग मंद बल्ब उडाला. ताहेरानं दुसरा लावला.

“उजवीकडं जहाज हाय. सांगा.”

“हिरवा. लांब चाललंय. आपुन सरळ जायाचं.”

“आवं, लाल हाय!”

“हिरवा हाय गं. केवढा ठळक हाय बघ की.”

“भावजींनी नवा दिलाय. लाल.”

ताहेरानं एकदा बल्बाकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. समुद्रावर एवढ्या वेळात दोन जहाजं आदळून बुडाली असती.

“आवं,” ताहेरा हळूच म्हणाली, “माझा लग्नातला शालू कसला हुता?”

इलियासनं बराच विचार केला. “चाकलेटी.”

ती हसायला लागली. हसता हसता तिनं पदर तोंडात कोंबला, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

“लालभडक हुता,” ती म्हणाली. “अम्मीनं सांगलीस्नं आणला हुता.”

“तू शिकीव मला. दोन दिस हायत. कायतरी खूण आसंलच, तू सांग, मी पाठ करतो. दुसरं काय येतंय गं मला?”

“रातचं कसं करत हुता आजवर?”

“जोडीला गडी आसायचा. त्यो बोलला की मी बी तेच बोलायचो. गेल्या खेपेला न्हवता.”

“मग?”

“हिरवा म्हनलं. साहेबानं सोता बघितलं, म्हणून घरी आलो.”

“किती मानसं हुती जहाजावर?”

“बावीस.”

ताहेरा फळीवरचे बल्ब एकेक करून काढायला लागली. बोलली असती, तर भांडता तरी आलं असतं.

तो बाहेर उन्हात आला आणि कंपनीत फोन लावला. “साहेब, शुक्रवारी येत न्हाई. लाल-हिरवं कळत न्हाई मला.”

“मग बारा वर्षं काय केलंत?” पलीकडचा कारकून.

“पाठांतर चांगलं हाय, साहेब.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, “लेखी पाठवा.”

आठवडी बाजारात तो टोमॅटोच्या ढिगापुढं उकिडवा बसला. आजवर तो दाबून, हुंगून टोमॅटो निवडायचा. लोक म्हणत, गडी लय चोखंदळ. आज हात पुढं जाईना.

“बनुमावशी, ह्यातलं पिकल्यालं कंचं?”

भाजीवाल्या म्हाताऱ्या बनुबाईनं वर पाहिलं. “डोळं फुटलं का रं?”

“व्हय,” इलियास म्हणाला. “फुटल्यात.”

हा चेष्टा करत नाही, हे कळायला तिला जरा वेळ लागला. मग तिनं तराजू खाली ठेवला. गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी एकेक टोमॅटो उचलून ती त्याच्या तोंडापुढं धरू लागली.

“ह्यो बघ, पिकल्याला. ह्यो न्हाई. ह्यो पिकल्याला.”

तिन्ही टोमॅटो अगदी सारखे होते. इलियास पिशवीचं तोंड उघडं धरून प्रत्येकाला मान डोलवत राहिला.