तीन गोल

हेमचंद्रने कागद खिडकीच्या काचेला टेकवला आणि डोळा बारीक केला. चौदाव्या मजल्यावरच्या काचेतून बहरैनचा सकाळचा उजेड असा आत येत होता की कागदावर कुणी खोडरबर नुसता ठेवून उचलला असता तरी दिसलं असतं. काही दिसेना. खाडाखोड नव्हती, ब्लेडने खरवडलेलं नव्हतं, दुसऱ्या शाईचं बोट लागलेलं नव्हतं. यामुळे त्याचा संशय आणखी वाढला. इतकं स्वच्छ काम फक्त लबाड माणूसच करतो.

शहराच्या सीफ भागातल्या या कंपनीकडे एका दूरच्या देशाचं काम आलेलं होतं. त्या देशातल्या एकशे बेचाळीस नगरांची त्यांच्या महसुलावरून वर्गवारी करायची, आणि कोणत्या नगराच्या प्रमुखाला किती पगार हे त्या वर्गावरून ठरणार. पस्तीसशेच्या वर महसूल तो वर्ग दोन, खाली तो वर्ग तीन. सगळे आकडे हजारांत. वर्ग दोनच्या नगरप्रमुखाला गाडी आणि ड्रायव्हर होता. वर्ग तीनच्याला पेट्रोलचा भत्ता होता, गाडी त्याची त्याने बघायची.

काम सोपं होतं. प्रत्येक नगराचा आकडा दोघांनी वेगवेगळा संगणकात टाकायचा, मग दोन्ही याद्या जुळवायच्या. एक यादी हेमचंद्रची, दुसरी खदिजाची. खदिजा इथल्याच जिदहफ्स गावची, सव्वीस वर्षांची, पाच महिन्यांपूर्वी लागलेली आणि अजून कायम न झालेली. एकशे एक्केचाळीस नगरं जुळली, एक जुळेना. ऐन सफा नावाच्या त्या गावाने विवरण छापून न पाठवता हाताने लिहून पाठवलं होतं, अरबी अंकांत.

हेमचंद्रला त्याची अडचण वाटली नव्हती. बहरैनमध्ये त्याला अकरा वर्षं झाली होती. त्यात त्याने यल्ला, खलास, मफी आणि इंशाल्ला एवढं अरबी कमावलं होतं, आणि एवढ्यावर त्याचं ऑफिस, भाजी आणि सनद भागातल्या घराचा मालक असं सगळं भागत होतं. आकड्यांचा तर प्रश्नच नव्हता.

"आकडे मुळात आपलेच," तो खदिजाला पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता. "अरबांनी ते आपल्याकडून नेले. त्यामुळे मला वाचायला काही अडत नाही."

"अच्छा?" खदिजा म्हणाली होती आणि तिने नम्रपणे मान हलवली होती. त्या नम्रपणाचाही त्याने आता पुन्हा विचार केला.

कागदावर तीनचा आकडा होता. थोडा आडवा पडलेला, पण आपला तीनच. पुढे तीन गोल. तीन हजार. म्हणजे वर्ग तीन. आणि खदिजाच्या यादीत होतं, तीन हजार पाचशे पंचावन्न. म्हणजे वर्ग दोन, रेषेच्या वर जेमतेम पंचावन्न.

हेमचंद्रचे वडील कोल्हापूरकडच्या एका क वर्ग नगरपालिकेत वसुली निरीक्षक होते. तिथले मुख्याधिकारी ब वर्गासाठी इतके आतुर झालेले की त्यांनी एकदा जत्रेच्या दिवशी शिरगणती काढायचं ठरवलं होतं. वडील म्हणायचे, गोल आकडा म्हणजे कुणीतरी जेवून उठल्यावर टाकलेला आकडा. त्यामुळे हेमचंद्रच्या लेखी हा प्रकार उघड होता. ऐन सफावाल्यांनी आधी आळसाने तीन हजार ठोकून दिले. मग पस्तीसशेची रेषा त्यांच्या कानावर गेली. मग त्यांनी इथलं माणूस गाठलं. आणि त्या माणसाने काय केलं, तर कागदाला हात न लावता यादीतच तीन शून्यांच्या जागी तीन पाच टाकले. वेगळे आकडे शोधायचेही कष्ट घेतले नाहीत.

पुरावे होते. मंगळवारी खदिजा फोनवर अरबीत बोलत होती आणि त्यात दोनदा 'ऐन सफा' आलं होतं. शेवटी ती हसली होती. बुधवारी सकाळी तिने हलव्याचा डबा आणला, केशर घातलेला, बदाम लावलेला, आणि पहिल्यांदा हेमचंद्रच्याच टेबलावर ठेवला. त्याने दोन चमचे खाल्ले होते. संशय त्यानंतर आला.

बुधवारी संध्याकाळी त्याने डायरेक्टर परीक्षित यांना मेल पाठवली. मेल मोजून सहा ओळींची होती. 'आकड्यात हेतुपुरस्सर बदल', 'संबंधित पक्षाशी संपर्क' आणि 'कायम करण्याचा पुनर्विचार व्हावा' हे शब्द त्यात होते. हलव्याचा उल्लेख त्याने दोनदा लिहून दोनदा काढला. गुरुवारी सकाळी उत्तर आलं: दोन वाजता एचआर आणि खदिजा, माझ्या केबिनमध्ये.

आता साडेअकरा झाले होते. खदिजा पलीकडच्या टेबलावर टाइप करत होती. तिला फक्त दोन वाजताची मीटिंग माहीत होती, कशाची ते नाही.

"मिस्टर हेम," ती म्हणाली, "दोनची मीटिंग मला कायम करण्याबद्दल असेल का? आई सकाळपासून चार वेळा विचारतेय."

"असेल," हेमचंद्र म्हणाला. हे खोटं नव्हतं.

"इंशाल्ला," खदिजा म्हणाली आणि पुन्हा टाइप करू लागली. तिने नवीन स्कार्फ घातला होता.

तेवढ्यात पांडुरंग आला. कंपनीचा ड्रायव्हर, कुडाळकडचा, साठीला आलेला. फोनवरून पैसे जात नव्हते म्हणून हेमचंद्रने त्याला सकाळी दहा दिनारची नोट देऊन खालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, पिटाळलं होतं. पांडुरंगने टेबलावर केळी ठेवली, ताकाची बाटली ठेवली, आणि उरलेले पैसे नेमके त्या कागदाशेजारी ठेवले.

"केळी फिलिपिन्सची हत, साहेब. गोडीक मात्र नाव नाय."

हेमचंद्र नोटेकडे बघत राहिला. निळी नोट, त्याने आजवर कधी नीट न पाहिलेली अरबी बाजू वर. कोपऱ्यात एक गोल.

"पांडुरंग, ही कसली नोट आणलीत? शून्य दिनारची?"

पांडुरंग आधी हसला. मग साहेब हसत नाहीत हे बघून थांबला.

"साहेबानु, ता शून्य न्हय. ता पाच."

"पाच?"

"गोल म्हणजे पाच. शून्य म्हणजे नुसतो ठिपको." त्याने हवेत बोट टेकवून ठिपका दाखवला. "तुमका ठावक नाय? अकरा वर्सां झाली मा हय येवन?"

हेमचंद्रने नोट उलटली. मागे इंग्रजीत ठसठशीत 5 होता. त्याने ती पुन्हा सुलटी केली. गोल.

"माजीय पयल्या म्हयन्यात अशीच फजिती झाली," पांडुरंग गप्पांत आला. "एका शेठान कागदार घरनंबर लिवन दिल्यान. मी दुपारभर गल्लीत शून्य नंबराचा घर सोदीत फिरलंय. मगे डोक्यात इला, शून्य नंबराचा घर खय असता काय?"

"आणि हे पाचाचं तुम्हाला सांगितलं कोणी?"

"कोण सांगतलो? इचारलंय."

पांडुरंग गेला. हेमचंद्रने नोट कागदावर ठेवली. नोटेवरचा गोल आणि कागदावरचे तीन गोल. ऐन सफाच्या कारकुनाचं अक्षर अतिशय स्वच्छ होतं. वडिलांच्या वसुलीच्या वहीतलं असायचं तसं. प्रत्येक गोल पूर्ण मिटलेला, कुठे शेपूट नाही, कुठे घाई नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी तो परीक्षित यांच्या केबिनमध्ये शिरला. परीक्षित दादरचे, त्याच्याहून आठ वर्षांनी लहान आणि दोन श्रेणींनी मोठे.

"सर, ती खदिजाबद्दलची मेल. मागे घ्यायची आहे."

परीक्षित यांनी चष्मा काढला.

"काल तिच्याविरुद्ध, आज तिच्या बाजूने. मधे काय झालं हेमचंद्रजी?"

हेमचंद्रने खिशातून नोट काढून टेबलावर ठेवली.

परीक्षित यांनी आधी काचेच्या दाराकडे पाहिलं. बाहेरून एचआरची मुलगी चालली होती. तिनेही पाहिलं.

"हे आधी उचला."

"सर, हा पुरावा आहे."

"म्हणूनच म्हणतोय."

"सर, हा गोल पाच आहे. मी शून्य वाचला." त्याने कागद नोटेशेजारी सरकवला. "तीन हजार पाचशे पंचावन्न. तिने बरोबर वाचलंय. मी चुकलो."

परीक्षित यांनी नोट उलटी केली, सुलटी केली. त्यांना बहरैनमध्ये चौदा वर्षं झाली होती.

"आणि तो फोन? तुम्ही लिहिलंय, संबंधित पक्षाशी संपर्क."

"आकडा जुळत नाही म्हणून तिने तिथल्या कारकुनाला विचारलं असावं, सर. पद्धत तशीच आहे. खरं तर मी विचारायला हवं होतं."

"असावं?"

"मी तिला विचारलं नाही."

"अजूनही?"

"अजूनही."

परीक्षित यांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. "पण रेषेच्या वर फक्त पंचावन्न. तुम्हाला आता संशय येत नाही?"

"येतो, सर. पण आता संशयात आधी माझा नंबर लागतो."

"लागतोच." परीक्षित किंचित पुढे झुकले. "स्पष्ट विचारतो. या मुलीने तुम्हाला काही दिलंय का?"

हेमचंद्रने क्षणभर विचार केला.

"हलवा," तो म्हणाला. "दोन चमचे."

परीक्षित यांनी चष्मा घातला. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते चष्म्यामुळे नीट कळलं नाही. त्यांनी संगणकाकडे वळून काहीतरी दोनदा दाबलं.

"मेल मला आलीच नाही. दोन वाजता मी तिला कायम करतोय, तुम्ही येऊ नका. पण तफावतीचा फॉर्म आज पाठवायचाय. कारण लिहा आणि सही करा. हा घ्या, तिने सकाळी अर्धा भरून ठेवलाय."

फॉर्म एकच पानी होता. नगर: ऐन सफा. पहिली नोंद: ३०००. दुसरी नोंद: ३५५५. खाली 'तफावतीचं कारण' असा रकाना, आणि त्यात खदिजाच्या बारीक इंग्रजी अक्षरात दोन शब्द: हस्ताक्षर अस्पष्ट.

हेमचंद्रने ते दोनदा वाचलं. चूक कुणाची हे तिला सकाळीच कळलं होतं. कदाचित मंगळवारीच, फोनवर, ती हसली तेव्हा.

"चांगलं लिहिलंय की," परीक्षित म्हणाले. "कुणाचं नाव नाही. जाऊ द्या तसंच."

"अक्षर अस्पष्ट म्हटलं तर काय होतं, सर?"

"विवरण परत जातं. ते नवीन पाठवतील. यंदा मात्र वर्ग तीन धरतात."

हेमचंद्रने कागदावरच्या त्या तीन गोलांकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग फॉर्म टेबलाच्या कडेला घेतला, दोन शब्दांवर सरळ एक रेघ मारली आणि वर लिहिलं: हस्ताक्षर स्वच्छ आहे. पहिली नोंद करणाऱ्यास अंक वाचता येत नाहीत.

"हे तुमच्या फाइलला लागेल हं," परीक्षित म्हणाले. "श्रेणीचं यंदाच बघणार होतो तुमच्या."

"हो."

त्याने सही केली. सही तो नेहमी मराठीत करायचा, तारीखही मराठीत. आज वीस तारीख होती. त्याने दोन काढला, आणि पुढचा गोल काढण्याआधी पेन थांबवून परीक्षित यांच्याकडे पाहिलं.

"सर, हे तिकडे कोण वाचणार आहे?"