कुरडयांवरचे ढालकिडे

विमलाबाईंना पुण्यात येऊन तिसरं वर्ष लागलं, तेव्हा कुठे सोसायटीतली एखादी वस्तू त्यांच्या हाती आली. ती होती गच्चीची किल्ली.

मुलगा शुभंकर संगणकाच्या कंपनीत लागला आणि सून राजनंदिनीही तिथंच, म्हणून वाशीमचं घर बंद करून त्या कर्वेनगरच्या या चारमजली इमारतीत राहायला आल्या होत्या. दोघं सकाळी स्कूटरवरून जात, ती दिवेलागणीलाच परत येत. शेजारणी भल्या होत्या. जिन्यात भेटल्या की "काय म्हणता?" विचारायच्या, पण उत्तर ऐकायला थांबायच्या नाहीत.

मग एकदा विमलाबाईंनी गावाकडच्या कुरडया तळून दुसऱ्या मजल्यावर पूर्वाकडे दिल्या. पूर्वा जवळच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत असे. तिनं कुरडई खाल्ली नि "मावशी, या करायच्या कशा?" म्हणून विचारलं. तिच्यामागून दुसरीनं विचारलं, आणि बघता बघता पाच घरांचे गहू विमलाबाईंच्या बादल्यांत भिजायला पडले.

अडचण होती ती गच्चीची. सेक्रेटरी तात्याराव बँकेतून निवृत्त झालेले, चौथ्या मजल्यावर गच्चीच्या थेट खाली राहायचे. "गच्ची पाण्याच्या टाकीसाठी आहे," ते म्हणाले. "वाळवणासाठी असती तर नकाशात तसं लिहिलं असतं." पण त्यांच्या पत्नीचे, शकूताईंचेही गहू त्या बादल्यांत होते, त्यामुळे किल्ली मिळाली. "दोन दिवस. जरा जरी तक्रार आली, तर किल्ली परत आणि गच्ची कायमची बंद. पटतंय ना आपल्याला?"

विमलाबाईंना पटलं. न पटून सांगतात कुणाला.

मार्चमधल्या त्या शनिवारी उजाडायच्या आत त्यांनी चीक शिजवला. गच्चीवर पाचजणी सोऱ्या फिरवत होत्या आणि विमलाबाई सांगतील तसं करत होत्या. "घाई नका करू जी. चीक गार झाला तर हात दुखतील, तुटला तर मन दुखेल." त्यांच्या 'जी'ला कुणी हसलं नाही. ऊन गच्चीवर आलं तेव्हा जुन्या धुवट चादरींवर कुरडयांच्या पांढऱ्या रांगा लागल्या होत्या. बायका चहाला खाली गेल्या आणि विमलाबाई राखणीला बसल्या.

आधी त्यांना वाटलं, चादरीवर कुणी कुंकू सांडलं. मग कुंकू चालायला लागलं.

मसुरीएवढे, नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेले किडे होते ते. पाहता पाहता कुरडयांवर, कठड्यावर, त्यांच्या पदरावर सगळीकडे झाले. येत होते इमारतीमागच्या शेतातून. आसपासचं तेवढं एकच करडईचं शेत उरलं होतं. मालकानं ते बिल्डरला दिलं होतं आणि कालपासून शेवटची कापणी चालली होती. करडईवर बसणारे हे किडे विमलाबाईंनी गावाकडे पुष्कळ पाहिले होते, पण असे बेघर झालेले नव्हते पाहिले.

त्यांनी झाडणीनं हलकेच लोटून पाहिलं. किडे पाय आखडून मेल्यासारखे पडले आणि चादरीवर पिवळे डाग उमटले. हात नाकाशी नेला तर कडवट, उग्र वास. त्या जिन्यातून खाली गेल्या आणि पूर्वाला तशीच, ओल्या केसांनी, वर घेऊन आल्या.

"झाडणी ठेवा मावशी," पूर्वा म्हणाली. "हे ढालकिडे. घाबरले की पायांच्या सांध्यांतून ते पिवळं सोडतात. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून कडू."

"पक्षी सोड, आपण तरी खाऊ का मग या कुरडया?"

पूर्वा चादरीपाशी उकिडवी बसली आणि बराच वेळ नुसती पाहत राहिली. "ते कुरडई खात नाहीयेत, पाणी पितायत. वरचा थर सुकला की उठतील. तोवर त्यांना हात लावायचा नाही."

"आणि कोणी वर आलं तर?"

तात्याराव वर आलेच होते. हातात वर्तमानपत्राची सुरळी, मागे रखवालदार दत्तोबा.

"लेडीबर्ड," तात्याराव चष्मा सारखा करत म्हणाले. "नातीच्या पुस्तकात आहे. फरक एवढाच, की पुस्तकात तो एकटा असतो. इथं अधिवेशन भरलंय."

"ते कुरड्या नाही खात जी," विमलाबाई घाईनं म्हणाल्या. "मावा खातात."

"मावा? माझ्या सोसायटीत?"

दत्तोबाचा एक गाल फुगलेला होता. तो हळूच वळला आणि पाण्याची टाकी तपासू लागला.

"पिकावरचा मावा हो," पूर्वा म्हणाली. "बारीक कीड असते ती. तंबाखूचा नव्हे."

"कुठलाही असो. खाली माझ्या घरातसुद्धा शिरलेत. मी फवारणीवाल्याला फोन केलाय. चार वाजता येईल, गच्चीपासून सुरुवात करील."

औषध कुरडयांवर पडलं की पाच घरांचे गहू कचऱ्यात जाणार, आणि किल्लीही. पुन्हा कोणी आपल्या बादलीत गहू टाकणार नाही, हे विमलाबाईंना लख्ख दिसलं. "आणि चार वाजेपर्यंत एकही किडा दिसला नाही तर?" त्यांनी विचारलं.

"तर त्याला परत पाठवीन. मला काही फवारणीत कमिशन नाही."

पूर्वाचं म्हणणं खरं ठरलं. ऊन चढलं, कुरडयांचा वरचा थर कडक झाला, गच्ची पायाला चटके देऊ लागली आणि किडे उठू लागले. विमलाबाईंनी एकेक कुरडई उचलून वास घेतला. झाडणीखाली सापडलेल्या ओंजळभर बाजूला काढल्या, बाकीच्या चांगल्या होत्या. त्यांनी हुश्श केलं, तेवढ्यात खालून शकूताईंची हाक आली.

उठलेल्या किड्यांना सावली हवी होती आणि सर्वांत जवळची सावली तात्यारावांच्या दिवाणखान्यात होती. छताचे कोपरे, पंख्याची पाती, पडद्यांच्या चुण्या सगळं नारिंगी झालं होतं. नव्या डिस्टेंपरवर वर्तमानपत्राचे जितके फटके बसले होते, तितकेच पिवळे डाग.

"मारू नका," पूर्वा दारातूनच म्हणाली. "वासही राहील आणि डागही. आमच्या लॅबमध्ये एक नळी असते, एकेक किडा तोंडानं ओढून बाटलीत घ्यायचा."

"तोंडानं?" शकूताई म्हणाल्या. "यांनाच द्या ती नळी. बोलणं तरी थांबेल." मग त्यांची नजर माळ्याकडे गेली. "ओढायचं यंत्र आहे की आमच्याकडे. टाय लावलेला मुलगा दारात आला, सोफ्यातली धूळ काढून दाखवली, की घेतलं यांनी. पहिल्याच दिवशी यंत्रानं पडदा गिळला. तेव्हापासून माळ्यावर आहे."

"पडदा हलका होता," तात्याराव म्हणाले. पण स्टूल त्यांनी स्वतःच आणलं.

व्हॅक्यूम क्लीनर खाली आला. पूर्वाला धास्ती वेगळीच होती. किडे आतल्या पिशवीत गेले तर चिरडतील, आणि यंत्र लावलं की घरभर तोच वास सुटेल. विमलाबाई खाली गेल्या आणि चीक गाळायच्या मलमलीचे तुकडे घेऊन आल्या. नळीच्या तोंडात त्यांनी एक तुकडा खळगा करून बसवला आणि कडा बाहेर दुमडून रबरबँड लावला.

"वारा जाईल, किडा राहील," त्या म्हणाल्या.

बटण दाबल्यावर कोपऱ्यातले किडे एकेक करून टप टप मलमलीत येऊन पडले. नळी तात्यारावांनी कुणाला दिली नाही. "हे बेताबेतानं करायचं काम आहे," ते म्हणाले, आणि खरोखर बेताबेतानं केलं. खळगा भरला की पूर्वा मलमलीची पुरचुंडी बांधायची, दुसरा तुकडा बसवायची. दत्तोबा ती आवारातल्या कण्हेरीवर नेऊन सोडायचा. कण्हेरीचे शेंडे माव्यानं पिवळे झालेले आहेत हे विमलाबाईंनी खिडकीतून पाहून ठेवलं होतं.

दिवाणखाना मोकळा झाला, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी विचारत आलं, की आमच्याकडेही जरा येता का. तात्यारावांनी वायर गुंडाळली आणि निघाले.

फवारणीवाला पाठीवर पंप घेऊन जिन्यात आला, तेव्हा ते तिथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी होते.

"आपण उशिरा आलात," ते तिथूनच म्हणाले.

"साहेब, चारच वाजलेत."

"तेच म्हणतोय मी."

विमलाबाई वर जाऊन आल्या. गच्चीवर एकही किडा नव्हता, कुरडया वाजायला लागल्या होत्या. आणखी एक ऊन हवं होतं, पण तात्यारावांच्या भिंतीवरच्या पिवळ्या डागांची तक्रार झाली म्हणायची की नाही, हे त्यांना ठरवता येईना. त्या तिसऱ्या मजल्यावर थांबल्या आणि किल्ली पुढे केली.

तात्यारावांच्या एका हातात यंत्र होतं, दुसऱ्यात नळी. त्यांनी किल्लीकडे पाहिलं. "माझे हात मोकळे दिसतायत का आपल्याला?"

"खुंटीला लावून ठेवू जी?"

"ठेवा. तुमच्या घरच्या खुंटीला." ते नळी सावरत पायऱ्या उतरू लागले. दोन पायऱ्यांवर थांबून, मागे न वळता म्हणाले, "मेमध्ये नात येते सुट्टीला. तिला साबुदाण्याच्या पापड्या आवडतात."

"घालू की," विमलाबाई म्हणाल्या, आणि कुरडया उलटायला गच्चीकडे वळल्या.