तोंड रिकामं असताना

"मॅडम, हिले चांगला दम भरा. कॅन्सरना फोटू दखाडा," भूषण म्हणाला आणि आईच्या, ताईबाईंच्या, शेजारची खुर्ची ओढून बसला.

कामिनीने त्याला बाहेर थांबायला सांगितलं. तो गेला नाही. मग ती स्वतः उठली, दार उघडून उभी राहिली. तो गेला.

एरंडोलजवळच्या त्या आरोग्य केंद्रात ती अकरा वर्षं समुपदेशक होती. ताईबाईंच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिशरी त्या चाळीस वर्षं दिवसातून चारदा दातांना लावत होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तीन महिने वाट पाहू. मिशरी सुटली तर चट्टा कदाचित ओसरेल. नाहीतर पुढचं सांगता येत नाही.

"अक्का, मी काय पाहिलं ते सांगू का?" कामिनीने विचारलं. परवानगी मिळाल्यावर चट्ट्याबद्दल सांगितलं, जेवढं ठाऊक होतं तेवढंच. मग विचारलं, मिशरी लावल्यावर बरं काय वाटतं?

हे ताईबाईंना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"जवलोंग तोंडमा मिशरी शे, तवलोंग माले कोनी काही सांगत नही," त्या म्हणाल्या. "बोलता येत नही ना. बठ्ठा घरले म्हाईत शे."

तोंडात मिशरी असेपर्यंत कुणी काम सांगत नसे; सोळाव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हापासून मागच्या दारच्या पायरीवरची ती पंधरा मिनिटं त्यांची होती. बाकी दिवसभर हाकेला ओ द्यायची.

सोडावंसं किती वाटतं, दहापैकी? ताईबाई म्हणाल्या, चार. दोन का नाही, असं कामिनीने विचारल्यावर त्या हसल्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा खाता येत नाही, तोंड पेटतं, म्हणून चार.

दोघींनी मिळून ठरवलं ते एवढंच, की सकाळी पायरीवर बसायचं तसंच बसायचं. मिशरी न लावता. आणि तरीही कुणाला ओ द्यायची नाही.

शुक्रवारी केंद्रात व्यसनमुक्तीची शपथ असे. डॉक्टरांना फोटोसाठी वीस जण हवे होते. ताईबाईंचं नाव यादीत का नाही, असं त्यांनी विचारलं.

"गेल्या वर्षी झुलालभाऊंनी शपथ घेतली, मोडली आणि लाजेने परत आले नाहीत," कामिनी म्हणाली. "मला या परत यायला हव्यात."

"एका पेशंटला चाळीस मिनिटं देता तुम्ही. वर काय उत्तर देऊ?"

"माझं नाव सांगा."

दुसऱ्या महिन्यात भूषण तक्रार घेऊनच आला. सकाळी हाक मारली तर आई पाहते आणि गप्प बसते. डोक्यावर परिणाम होणारं औषध दिलंय का? कामिनीने नाही म्हटलं. ताईबाईंनी सांगितलं, चारदाची एकदा झाली होती. एका लग्नघरी पुन्हा तीनदा झाली. लग्नाच्या दिवशी काय काय झालं ते कामिनीने नीट विचारून घेतलं. रागावली नाही.

तिसऱ्या महिन्याच्या भेटीला मिशरी सुटून एकोणीस दिवस झाले होते. डॉक्टरांनी विजेरीने गाल पाहिला. चट्टा लहान झाला होता, पण गेला नव्हता. त्याचा तुकडा काढून तपासायला जळगावला जावं लागणार होतं. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि सवयीने म्हणाले, आता तरी शपथ घ्या, आजी.

"सोडनारी मी शे. देवले मधमा कसाले?"

डॉक्टरांनी कामिनीकडे पाहिलं. तिने शपथेचा रकाना कोरा ठेवला आणि पुढच्या भेटीची तारीख ताईबाईंना विचारली.

"माय, चल वं, बस जाई," भूषण व्हरांड्यातून ओरडला. मग परत एकदा.

ताईबाई कॅलेंडरकडे पाहत होत्या. जळगावहून आल्यानंतरचा मंगळवार त्यांनी बोटाने दाखवला, आणि कामिनी तो लिहून होईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.