आणखी खाली

मुरुम गावच्या गुरुलिंगअप्पांना पाण्याबद्दल कुणीही विचारावं, उत्तर ठरलेलं : आणखी खाली जा. बोअरच्या गाडीवर त्यांचा जन्म गेला होता. इकडच्या काळ्या खडकात वरचं पाणी आटलं की विहिरीच्या तळातच बोअर मारायचं; नशीब असलं तर झरा लागायचा, नसलं तर नुसती धूळ उडायची. याहून वाईट काही होऊ शकतं, हे अप्पांनी कधी पाहिलंच नव्हतं.

म्हणून उन्हाळ्यात गुजरातच्या किनाऱ्यावरून लेकीचा, शिवरंजनीचा फोन आला तेव्हा त्यांनी जराही विचार केला नाही. जावई महांतेश तिकडे पवनचक्क्यांच्या कामावर होता. त्या गावात पाऊस मुरुमपेक्षाही कमी, गोड पाण्याची विहीर एकच, आणि तिच्यात जेमतेम घागर बुडेल एवढंच उरलेलं. अप्पांनी फोनवरच तळात बोअर मारायला सांगितलं. तिथली म्हातारी माणसं नको म्हणतायत, असं लेक म्हणाली, तर हे वर हसले. समुद्राकाठी राहून पाण्याला भ्यायचं म्हणजे कमालच झाली, म्हणाले.

पाणी लागलं, आणि भरपूर लागलं. गावच्या बायांनी लेकीला साडी दिली. अप्पांनी मुरुमच्या बाजारात पेढे वाटले आणि वाटता वाटता स्वतःचं कौतुकही हात न आखडता केलं.

तिकडे पंप दिवसभर चालू राहिला. मग चहा फाटायला लागला, डाळ शिजेना. त्या विहिरीचं गोड पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावरचा पातळ थर होता, दुधावर साय असते तसा. बोअर त्या थरातून आरपार गेलं आणि खालचा समुद्र वर आला.

लेकीकडून हे कळताच अप्पांनी फोनवरून पंप बंद करायला लावला, बोअर सिमेंटनं बुजवायला लावलं, मग म्हणाले विहीर उपसून काढा. उपसली तशी ती आणखीच खारट झाली. दगडातलं पाणी ओळखणाऱ्या माणसाला आता काहीच सुचेना. जेवायला बसले की पाण्याचा तांब्या समोर यायचा आणि ते ताट सारून उठायचे.

शेवटी एका दुपारी त्यांनीच फोन लावला. चांगले पावसाळे झाले तर कधीतरी खार उतरेल म्हणतात, असं लेक म्हणाली. कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तू घरी ये बाई," अप्पा म्हणाले. "आन् गाववाल्यांला सांग, तुझा काई दोष न्हाय. बापानं सांगितलं म्हण. माझं नाव घे."



"घेतलं होतं की, अप्पा. म्हातारी माणसं लई नको म्हणत हुती. तवा म्याच म्हणले, माझ्या बापाचा शब्द कधी खोटा होत न्हाय. त्या शब्दावरच मारलं त्यांनी बोअर." मागं भांड्यांचा आवाज सुरू झाला. "टँकर आला वाटतं, ठेवते. माझी घागर शेवटाला भरू देत्यात."